समोरचं कोरं दार

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी सूचिन स्टुलावर चढली होती. एका हातात खळीची वाटी, बगलेत गुंडाळी केलेले दोन कागदी सेनापती. खाली तिचा म्हातारा देयुआन स्टूल धरून उभा होता. म्हणजे त्याचा एक हात स्टुलाला होता आणि दुसरा खिशातल्या सूर्यफुलाच्या बियांत.

"जरा वर," तो म्हणाला.

"जरा म्हणजे किती? बोटभर की वीतभर?"

"आता खाली."

"म्हाताऱ्या, चाळीस वर्षं होऊन गेली, अजून तुला वर आणि खाली ठरवता येत नाही."

"तू ठरवू देशील तर ना."

लिऊशी गावात दारावरचे राखणदार देव दरवर्षी असेच चिकटतात. गोरा सेनापती दाराच्या एका फळीवर, काळा दुसऱ्या फळीवर, दोघांची तोंडं एकमेकांकडे. चुकून पाठीला पाठ लागली तर घरात वर्षभर भांडणं होतात म्हणे. चाळीस वर्षं तोंडाला तोंड लावूनही आपल्याकडे काही कमी झाली नाहीत, असं देयुआन म्हणायचा, पण बायकोच्या माघारी.

गोरा सेनापती नीट बसला. काळ्यासाठी खळी घ्यावी म्हणून सूचिन वळली, आणि तिची नजर गल्लीपलीकडच्या दारावर पडली.

खरं तर ती नजर तिकडे जायला नको होती. बारा वर्षं सूचिनने त्या दाराकडे बघितलं नव्हतं. न बघता बघायची कला बायकांना उपजतच येते, पण सूचिनने ती फारच वर नेली होती. त्या दारावर कुठे टवका उडालाय, कडीला कोणत्या महिन्यात गंज चढला, सून कितव्या दिवशी उंबरा पुसते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. आणि विचारलं तर ती म्हणाली असती, "कोणतं दार? मी नाही बाई बघितलं."

आज त्या दारावर काहीच नव्हतं.

देव नव्हते. चौकटीवर शुभ अक्षरांच्या लाल पट्ट्या नव्हत्या. गेल्या वर्षीचे उन्हाने फिकटलेले कागदसुद्धा नव्हते. वर लोंबणारा कंदीलही नव्हता. आख्ख्या गल्लीत लालच लाल, आणि मधे तेवढंच एक कोरं करकरीत दार.

सूचिनच्या हातातली वाटी कलली आणि खळी देयुआनच्या टकलावर सांडली.

"अगं! देव दाराला लावायचेत, मला नाही!"

"बघ," सूचिन म्हणाली.

देयुआनने डोकं पुसत बघितलं, आणि त्याचाही हात बियांतून बाहेर आला.

जिथे मरण झालंय त्या घराच्या दारावर नव्या वर्षाला देव लावत नाहीत. लाल रंगाचं तर काहीच नाही. राखणदारांचं काम भुताखेतांना अडवायचं, आणि नुकतं गेलेलं माणूस दोन घास खायला घरी येतं तेव्हा त्यालाही ते ओळखत नाहीत, भाला आडवा घालतात. म्हणून तीन वर्षं दार कोरं ठेवायचं, आपल्या माणसाला आत येता यावं म्हणून. हे तिथे कोणी कोणाला शिकवत नाही. दार बघितलं की कळतं.

आणि त्या घरातल्या चाओदीला तर सतरा दिवसांपूर्वी तालुक्याच्या इस्पितळात नेलं होतं. रजईत गुंडाळून, तीनचाकीत आडवी घालून. पित्ताशयात खडे, असं गल्लीत म्हणत होते. सूचिनने ते खिडकीच्या फटीतून पाहिलं होतं. रजईबाहेर आलेला चाओदीचा पाय, त्यातला राखाडी मोजा, मोज्याला अंगठ्याशी भोक. सुनेला मोजा बदलायचं सुचू नये, म्हणून तिने दिवसभर चिडचिड केली होती.

"दार बदललंय," देयुआन म्हणाला. "नवी फळी आहे ती. जुनी नाही."

हे त्याने बोलायला नको होतं. बोलला आणि त्यालाही कळलं. कारण माणूस गेलं की दाराची फळी काढतात आणि तिच्यावर त्याला निजवतात. कुठे कुठे ती फळी धुऊन परत बसवतात, पण लिऊशीत बसवत नाहीत. नवी करतात.

सूचिन स्टुलावरून उतरली ती उंबऱ्यावरच बसली.

"फोन कर," देयुआन म्हणाला.

"कोणाला? तिला?"

"तिच्या सुनेला. रुइफनला. नंबर आहे माझ्याकडे."

"आणि काय विचारू? सासू आहे का म्हणून? आजच्या दिवशी?"

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मरणाचं नाव काढायचं नसतं. पहिल्या पौर्णिमेपर्यंत तो शब्द घरात आला की वर्षभर मुक्काम ठोकतो. शिवाय सूचिनने काय म्हणून विचारायचं? बारा वर्षांत जिने शेजारणीच्या तब्येतीची चौकशी केली नाही, तिने एकदम फोन करून, "संपलं का?" असं विचारायचं?

तेवढ्यात टोफूची कावड घेऊन बाय काका गल्लीत शिरले. एरवी त्यांची आरोळी डोंगरापलीकडे जायची. आज कोऱ्या दारासमोर आले आणि त्यांनी आरोळी गिळली, पावलंही हळू टाकली.

"बाय काका," सूचिनने हलक्या आवाजात हाक मारली, आणि हनुवटीनेच समोर दाखवलं.

बाय काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "आज तो विषय नको, वहिनी," ते कुजबुजले. "वर्ष बदलू दे. मग काय ते करू सगळे मिळून. एवढं गुपचूप उरकलंन बिचारीने. सुनेने, म्हणजे." आणि कधी न देणारा तो माणूस टोफूचा एक जास्तीचा तुकडा तिच्या परातीत टाकून निघून गेला.

आता याला काय पुरावा लागतो? सूचिनने मनातल्या मनात सगळी साखळी जुळवली. काल वर्षाचा शेवटचा बाजार होता, गल्लीत कुत्रंसुद्धा थांबलं नव्हतं. अखेरचा श्वास घरात घ्यावा म्हणून काल तिला इस्पितळातून आणलं असणार, फळीवर ठेवलं असणार, आणि वर्षाच्या तोंडावर कोणाचा सण नासू नये म्हणून पहाटेच डोंगरावर नेलं असणार. घराला कुलूप म्हणूनच. बाय काकांनीही तीच साखळी जुळवली होती, आणि गल्लीतल्या इतर आठ घरांनीही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला नक्की माहीत आहे.

सूचिनने काळा सेनापती तसाच गुंडाळून ठेवला.

या दोघींचं काय बिनसलं होतं, ते आता सांगितलं पाहिजे. सांगताना मलाच राग येतो, पण सांगते.

दोघी एकाच माहेरच्या, नदीपलीकडच्या. चाओदी आधी इथे सून म्हणून आली, आणि वर्षाच्या आत तिनेच सूचिनचं देयुआनशी जमवलं. "त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही," असं सूचिन हसत हसत म्हणायची, बोलणं होतं तेव्हा. एकीच्या घरचं मीठ संपलं की दुसरीच्या बरणीत हात. एकीला कळा सुरू झाल्या की दुसरीच्या पोटात दुखायचं.

मग भूकंप झाला. दोघींची दारं पडली. पुढच्या वर्षी पुन्हा बांधली, आणि चाओदीच्या नवऱ्याने, छांगगेनने, आपली चौकट दोन विटा उंच घेतली. मुद्दाम नव्हे. विटा उरल्या होत्या, एवढंच. पण समोरचं दार आपल्यापेक्षा उंच असलं की ते आपल्या घराचं नशीब दाबतं, हे लिऊशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच वर्षी सूचिनचं डुक्कर आजारी पडलं, देयुआनची कंबर धरली आणि मुलीचं ठरलेलं लग्न फिसकटलं. मग सूचिनने तालुक्याहून आरसा आणला. तळहाताएवढा, अष्टकोनी, लाल चौकटीचा. तो दारावर लावला की येणारी पीडा जिथून आली त्या घराकडे परत जाते. त्या घराकडे म्हणजे चाओदीकडे.

चाओदी कशाला गप्प बसते! तिने गिळ्या आणवला. गिळ्या म्हणजे लाकडी मुखवटा, डोळे बटाट्याएवढे, जबड्यात आडवा खंजीर, आलेलं संकट गिळून टाकणारा. थंडीतल्या एका संध्याकाळी छांगगेन तो दारावर ठोकायला शिडीवर चढला, पडला, डोकं उंबऱ्यावर आपटलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

चाओदी गल्लीत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या आरशाने माझा नवरा खाल्ला."

आणि सूचिन, जिने त्या क्षणी मैत्रिणीच्या गळ्यात पडायचं होतं, ती म्हणाली, "दोन विटा कमी लावल्या असत्या, तर तेवढा खालून पडला असता."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. त्यानंतर बारा वर्षं गिळ्या आरशाकडे डोळे वटारत राहिला, आरसा गिळ्याकडे बघत राहिला, आणि खाली दोघी म्हाताऱ्या होत गेल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. ते विटांचं वाक्य मात्र सूचिनला रोज आठवायचं. भाजी चिरताना, केस विंचरताना, देयुआन घोरत असताना. रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगू. घाई काय, समोरच तर राहते.

दुपारपर्यंत सूचिनने सणाचा स्वयंपाक केला, म्हणजे तिच्या हातांनी केला. मासा वाफवला, सॉसेज कापले, मिरचीचं तेल तापवलं. मुलगी यंदा येणार नव्हती, दोघांचंच ताट. मग तिने कोयता घेतला आणि स्टूल परत दाराबाहेर नेलं.

"आता काय?" देयुआनने विचारलं.

"धर."

तिने कोयत्याच्या टोकाने आरशाचा खिळा उपसला. बारा वर्षांचा गंज, पटकन निघेना. निघाला तेव्हा भिंतीचा खपलाही घेऊन आला. आरसा तिने उलटा धरून खाली आणला, तोंड बघायचं धाडस तिला झालं नाही, आणि मक्याच्या कणगीत खोल खुपसून ठेवला.

"आता काढून काय उपयोग," ती म्हणाली. "आधी काढायला हवा होता."

"मग काढलास का आता?"

"माझ्याने तो बघवेना म्हणून!" ती ओरडली, आणि मग हळू म्हणाली, "ती आज घरी जेवायला येईल. तिच्या वाटेत नको तो."

देयुआनने स्टूल उचललं. कधी गप्प बसावं एवढं त्याला चाळीस वर्षांत नक्की कळलं होतं.

चार वाजता, गल्लीतले सगळे आपापल्या चुलीशी असताना, सूचिन गल्ली ओलांडून गेली. बारा पावलांची गल्ली. बरोबर गेलेल्या माणसाला पोचावं म्हणून जाळायच्या पिवळ्या कागदांची थप्पी, तीन उदबत्त्या, आणि एका वाडग्यात मुरलेल्या मुळ्याचं लोणचं, वर चॉपस्टिक्स आडव्या ठेवलेल्या. चाओदीला तिच्या हातचं हे लोणचं फार आवडायचं. "तुझ्या स्वभावातला आंबटपणा सगळा यात उतरतो, म्हणून चांगलं होतं," असं म्हणत ती बरणीच संपवायची.

दाराला लाकडाचा आणि कसल्या तरी उग्र तेलाचा वास येत होता. वरचा गिळ्याही नव्हता, त्याच्या जागी नुसतं कोरं लाकूड. सूचिन उंबऱ्यासमोर गुडघे टेकून बसली, वाडगा पुढे सरकवला. मोठ्याने रडता येत नव्हतं, गल्लीचा सण होता. म्हणून ती दबक्या आवाजात, दाराच्या फटीशी तोंड नेऊन बोलायला लागली.

"चाओदी, मी आलेय. सूचिन. आरसा काढला बघ. तुला वाटेल, हिला आता सुचलं. सुचलं तर होतंच गं आधी, पाय उचलत नव्हता." तिने नाक पुसलं. "ते विटांचं. ते मी बोलले नव्हते, रागाच्या भरात जीभ बोलली... नाही. खोटं कशाला बोलू, आता तू सगळं बघतेयस वरून. मीच बोलले. ठरवून बोलले. तू मला सगळ्यांसमोर खुनी म्हणालीस ना, मग मला पण तुला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. आणि लागलं. तुझं तोंड बघितलं तेव्हाच मला कळलं की किती लागलं. तेव्हाच पाय धरायला हवे होते तुझे."

मघाशी, ती बोलायला लागली तेव्हाच, मागे कुठेतरी तीनचाकीचा आवाज येऊन थांबला होता. सण होता, कोणीतरी पाहुणे आले असतील. सूचिनने वळून पाहिलं नाही.

"आरशाचं मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. रोज विचार करते, त्याने केलं असेल का. मी तो लावला नसता तर तू गिळ्या आणवला नसतास, आणि गिळ्या नसता तर तो शिडीवर चढला नसता. एवढं तर कोणालाही कळतं. तर ते माझ्याकडे लागतं, चाओदी. वरती कोणी विचारलं तर माझं नाव सांग, मी आले की बघेन काय ते. आणि ते भोकाचे मोजे घालून गेलीस ना, म्हणून दोन जोड नवे मोजे कापलेत कागदाचे. चांगले जाड कापलेत." तिने काडेपेटी काढली.

"जाळू नकोस!"

आवाज मागून आला. सूचिनच्या हातातली काडी तशीच राहिली.

"दाराला तुंगाच्या बियांचं तेल लावलंय कालच. ठिणगी पडली तर दार, चौकट आणि तू, तिघंही जाल. पत्ता पण चुकलाय तुझा, मी इकडे आहे."

सूचिन वळली. तीनचाकीत, रजई लपेटून, भुवयांपर्यंत टोपी ओढून चाओदी बसली होती. पिवळी पडलेली, निम्मी झालेली, पण डोळे तेच. शेजारी तिची सून रुइफन, तोंडावर हात दाबून, हसते आहे की रडते आहे ते कळत नव्हतं.

सूचिनने जी किंकाळी फोडली ती आठही घरांनी ऐकली. मात्र कोणीच बाहेर आलं नाही. त्यांना वाटलं, अखेर फुटला बांध हिचा.

"तू... तू आहेस?"

"आहे. डॉक्टरनेही असंच दचकून विचारलं होतं."

"मग सांगायचं ना!" सूचिन ताडकन उठली, गुडघे कटकन वाजले. "दार असं कोरं ठेवतात का जिवंत माणसं? वर्षाच्या शेवटच्या दिवशी? आख्ख्या गल्लीचा जीव घेतलास तू!"

"आता दारावर पाटी लावू? आत जिवंत आहे म्हणून?"

"मावशी, माझीच चूक," रुइफन घाईघाईने खाली उतरली. "दार शरद ऋतूतच सांगितलं होतं सुताराला. रोज म्हणायचा, उद्या. आम्ही इस्पितळात, एक किल्ली त्याच्याकडे. पंचांगात कालचा दिवस दार बसवायला चांगला निघाला म्हणून नेमकं काल बसवून तेल फासून गेला. ओल्या तेलावर खळी चिकटतच नाही. आता काय करणार?"

सुतार जगाच्या पाठीवर कुठलाही घ्या, त्याचा उद्या कधी येईल ते त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. सूचिनने त्या सुताराच्या सात पिढ्यांचा एका दमात उद्धार केला. तेवढ्यात तिला आठवलं की आपण दाराशी काय काय बोललो.

"तू कधीपासून ऐकत होतीस?"

"आरसा काढला, तिथपासून," चाओदी म्हणाली.

म्हणजे सगळंच. सूचिनचे कान लाल झाले. घरी पळून जावं असं तिला फार वाटलं. पण ती तिथेच उभी राहिली.

रुइफनने कुलूप काढलं, दार ढकललं, सासूला धरून उंबरा ओलांडवला आणि दाराच्या आतच वेताच्या खुर्चीत बसवलं. चाओदीची नजर बाहेरच्या वाडग्यावर होती.

"ते इकडे दे."

"आई, नको!" रुइफन किंचाळली. "ते मेल्... ते तसलं वाढलेलं आहे! थू थू थू, आजच्या दिवशी!"

"माझ्यासाठीच वाढलंय ना? मग दे. सतरा दिवस इस्पितळातली पेज खाल्लीय." चाओदीने मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, चावला. "मीठ जास्त पडलंय."

"रडत घातलं, म्हणून," सूचिन म्हणाली.

"बारा वर्षांपूर्वीही जास्तच असायचं."

रुइफन कपाळावर हात मारून आत चूल पेटवायला गेली. सूचिन उंबऱ्यावरच बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत ये म्हणून कोणी म्हणालं नव्हतं, जा म्हणूनही नाही.

"गिळ्या कुठे गेला?" शेवटी सूचिनने विचारलं.

"मीच सांगितलं रुइफनला. नव्या दारावर तो नको म्हटलं." चाओदीने वाडगा मांडीवर ठेवला. "ऑपरेशनच्या आधी एक कागद देतात, त्यावर अंगठा उठवायचा. काही झालं तर आमची जबाबदारी नाही म्हणून. अंगठा उठवला आणि वाटलं, आता झालंच काही, तर हे कोणालाच कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

चाओदी चॉपस्टिक्सकडे बघत राहिली.

"तू जे दाराला सांगत होतीस ना, की तू आरसा लावला नसता तर. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही बाई बारा वर्षं हे घेऊन बसलीय आणि मी बसू दिलं. मीच बसवलं. सगळ्यांसमोर ओरडून बसवलं."

"तुझा नवरा गेला होता. माणूस बोलतं."

"शिडी मी धरली होती, सूचिन."

आत रुइफनच्या सुरीचा आवाज चालू होता.

"तो प्यायला होता दुपारपासून. मी म्हटलं, उद्या ठोक. तो म्हणाला, आजच, तू फक्त शिडी धर. आणि मी धरली. घट्ट धरली होती. मग आतून भात लागल्याचा वास आला. मी म्हटलं, हललास तर बघ, आलेच. आणि गेले. भांडं उतरवायला कितीसा वेळ लागतो? एवढुसा. मी उतरवलं आणि बाहेर आवाज आला. कोणी बघितलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही, शिडी कोणी धरली होती म्हणून. मग तू समोर होतीस, तुझा आरसा होता, आणि मला तो दिसला. तो दिसला तेव्हा मला किती सुटल्यासारखं वाटलं, तुला सांगू? मी रोज सकाळी उठून त्या आरशाकडे बघायची. तो तिथे आहे ना, एवढंच बघायची. तो नसता तर मी कुठे बघितलं असतं?"

सूचिनच्या तोंडात बारा वर्षांची शंभर वाक्यं होती. सगळी हक्काची होती. ती यातलं कोणतं बोलेल, याची वाट बघत चाओदी मान खाली घालून बसली होती, मार खायला बसलेल्या पोरीसारखी.

"मग भात वाचला?" सूचिनने विचारलं.

चाओदीने मान वर केली.

"नाही गं. तोही गेला. तळापर्यंत करपला होता."

आणि छांगगेनला पोचवताना, डोंगरावर, वर्षश्राद्धाला, कधीच न रडलेली चाओदी तिथे बसल्या बसल्या रडायला लागली. एका हाताने पोटाचे टाके दाबत, दुसऱ्या हातात मुळ्याचा वाडगा गच्च धरून, मोठ्याने. रुइफन धावत बाहेर आली. "आई, आज नको! आज रडू नये, वर्षभर..." सूचिनने हात वर करून तिला थांबवलं.

ती उंबरा ओलांडून आत आली. चाओदीच्या हातातला वाडगा काढून घेतला, तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. टोपीला इस्पितळाचा वास येत होता.

"आरसा मी लावला," ती म्हणाली. "शिडी तू सोडलीस. दारू त्याने घेतली. तिघांनी मिळून केलंय ते. तू एकटीच काय म्हणून घेऊन बसलीस, आणि मला काय म्हणून एकटीला दिलंस? भांडण करायचं तर निदान वाटून तरी घ्यायचं."

चाओदी आणखीच रडली. पलीकडून देयुआन दारात येऊन उभा राहिला होता. त्याने जिवंत चाओदी पाहिली, बायको पाहिली, आणि मासा गार होतोय हे सांगायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"रडू दे तिला," सूचिन सुनेला म्हणाली. "वर्ष संपायला अजून पुष्कळ वेळ आहे."